मुलांची खुशाली : कळवणं, कौतुक आणि मिरवणं

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? बरं.

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी आम्हांला विचारलं, "तत्त्वज्ञानाच्या माणसाने हा विषय कशाला घ्यायचा? आईबापांनी मुलांचं कौतुक सांगावं, बाकीच्यांनी अंगठा दाखवावा, संपलं." मराठीत अंगठा दाखवण्याचा अर्थ वेगळा आहे, ते तूर्त सोडून देऊ. पण त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर म्हणजेच आजचं व्याख्यान.

सुरुवातीला एक निरोप ऐकवतो. कुठल्याही कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर सापडेल असा आहे. आम्हीच रचला आहे, तेव्हा कोणी अंगाला लावून घेऊ नये. "आमच्या चिरंजीवांना सहावीत ९६ टक्के! तालुका खो-खो स्पर्धेत त्याच्या संघाचा पहिला क्रमांक! आणि येत्या रविवारी बारावा वाढदिवस! आपले आशीर्वाद असू द्यावेत."

तीन वाक्यं. एक शाळेचं, एक मैदानाचं, एक वाढदिवसाचं. या तीन गोष्टी तीन निराळ्या जातीच्या आहेत. आपण मात्र त्या एकाच स्वरात, एकाच उद्गारचिन्हाने सांगतो. घोटाळा तिथून सुरू होतो.

आम्हांला आज जे मांडायचं आहे ते थोडक्यात असं. आई-वडील मुलाबद्दल जे सांगतात ते ऐकणाऱ्यासाठी बातमी असतं. मुलासाठी ती त्याच्या आयुष्याची पहिली नोंद असते. आपण कोण, घरात आपलं काय मोलाचं मानतात, हे त्याला या नोंदींतून कळत जातं. ही नोंद आपण त्याच्या वतीने लिहितो. म्हणून ती मालकाच्या नव्हे, विश्वस्ताच्या हाताने लिहायला हवी. हे पटवून देण्याचा प्रयत्न करतो.

सवय जुनी, साधन नवं

मुलांची खुशाली कळवणं मोबाइलने आणलेलं नाही. आपल्यापैकी ज्यांनी इनलँड पत्रं लिहिली आहेत त्यांना आठवेल, शेवटच्या घडीवर उरलेल्या जागेत मुलांसाठी दोन ओळी राखलेल्या असत. "चि. बाळ पास झाला. चि. ताईचा ताप उतरला." यातलं 'चि.' म्हणजे चिरंजीव किंवा चिरंजीविनी. नाव घेण्याआधीच दीर्घायुष्याची इच्छा व्यक्त व्हायची, आणि मग बातमी.

निकालाच्या दिवशी पेढे वाटायचे. पेढा हीसुद्धा बातमीच. पण ती द्यायला उंबरा ओलांडून जावं लागे. शेजारच्या घरी मुलगा नापास झालेला असला, तर पेढे देणारी माउली दारातच आवाज खाली आणायची. समोरचा चेहरा दिसत होता म्हणून हे जमत होतं.

आणखी एक गोष्ट होती. बाळाला बाहेर नेताना काजळाची तीट लावायची. कोणी फार वाखाणलं की संध्याकाळी मीठ-मोहरीने दृष्ट काढायची. दृष्ट लागते यावर आमचा विश्वास नाही. तुमचा असेल तर त्यावर आज वाद घालायचा नाही. पण या चालीत एक व्यवहारज्ञान होतं. चारचौघांतल्या कौतुकाला किंमत असते आणि ती मुलाला मोजावी लागू शकते, हे त्या आजीला ठाऊक होतं. ऐकणाऱ्यांत कोणाचं मूल आजारी असेल, कोणाला मूलच नसेल, याचंही भान त्यात होतं. ती छोटीशी तीट म्हणजे कौतुकाला घातलेलं कुंपण होतं.

आता एकाच वेळी ८० जणांना निरोप जातो. त्यांतला एकही चेहरा आपल्याला दिसत नाही. बोलण्याची हौस तीच आहे, आवाज खाली आणायला लावणारं दार मात्र राहिलं नाही.

तीन क्रियापदं

मुलाबद्दल सांगताना आपण तीन वेगळी कामं करतो. मराठीत त्यांना तीन वेगळे शब्द आहेत, ते वेगळेच ठेवू या.

पहिलं कळवणं. नातीचा ताप उतरला का, याची आजीला काळजी आहे. तिला सांगितलं पाहिजे. इथे गरज ऐकणाऱ्याची असते. बातमी पोचली की काम झालं.

दुसरं कौतुक. संस्कृतात 'कौतुक' म्हणजे कुतूहल, औत्सुक्य. मराठीत आपण त्याला मायेची जोड दिली. कौतुक करणारा मुलाकडे बघत असतो. हे कसं जमलं याला, असं नवल त्याच्या डोळ्यांत असतं.

तिसरं मिरवणं. मिरवणूक याच शब्दातली. मिरवणं वाईटच असतं असं नाही. आपण गणपती मिरवतो, पालखी मिरवतो, नवरदेव मिरवतो. पण मिरवणुकीचा एक नियम लक्षात घ्या. ज्याला मिरवतात त्याला रस्ता निवडता येत नाही. कुठे थांबायचं आणि कोणापुढे वाजवायचं, हे उचलणारे ठरवतात.

एकाच निरोपात ही तिन्ही कामं मिसळलेली असू शकतात, बहुतेकदा असतातच. त्यामुळे निरोप बरा की वाईट, असा प्रश्न उपयोगाचा नाही. या निरोपात आपण मुलाकडे बघतोय की लोकांकडे, हा प्रश्न उपयोगाचा आहे.

शाळा : आकड्याचं काय करायचं?

आता पहिलं वाक्य. ९६ टक्के. आकडा एकटा कधीच येत नाही, सोबत तुलना घेऊन येतो. "९६ टक्के" हे वाचताच प्रत्येक काका-मावशीच्या मनात आपल्या घरातला आकडा उभा राहतो. पाच मिनिटांनी दुसरा निरोप येतो, "अभिनंदन! आमच्याकडे ९७."

एके काळी दहावी-बारावीची गुणवत्ता यादी वृत्तपत्रांत छापून यायची. पेढा भरवणाऱ्या आई-वडिलांसकट फोटो यायचे. पुढे बोर्डाने ती यादी जाहीर करणं बंद केलं, आणि बहुतेकांना ते योग्य वाटलं. मग समाज म्हणून जे आपण थांबवलं, तेच घराघरांत पहिलीपासून का चालू ठेवलं?

१९९८ साली क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवर केलेले काही प्रयोग प्रसिद्ध झाले. मुलांना कोडी सोडवायला दिली. नंतर काहींना सांगितलं, तू हुशार आहेस. काहींना सांगितलं, तू मेहनत घेतलेली दिसते. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, सगळ्यांना कमी यश आलं. ज्यांना 'हुशार' म्हटलं होतं ती मुलं पुढच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली. आणि आपल्या विषयाला लागू पडणारी गोष्ट ही, की दुसऱ्या शाळेतल्या मुलांना आपले गुण कळवायला सांगितल्यावर याच गटातल्या जास्त मुलांनी ते वाढवून सांगितले. या विषयावर पुढे बरेच वाद झाले, सगळे निष्कर्ष सगळीकडे तसेच मिळाले नाहीत. पण गुण हीच आपली ओळख झाली की गुण लपवावेसे वाटतात, हे समजायला आम्हांला प्रयोगाची फारशी गरज वाटत नाही. प्रगतिपुस्तक दप्तराच्या तळाशी कोंबलेलं आपण सर्वांनीच पाहिलं आहे. काहींनी कोंबलंही असेल.

ॲडम स्मिथ हा आपल्याला अर्थशास्त्रज्ञ म्हणून माहीत असतो. पण त्याचा नीतिशास्त्रावरचा ग्रंथ आधीचा, १७५९ चा. त्यात तो दोन इच्छांमध्ये फरक करतो. एक, लोकांनी आपली स्तुती करावी ही इच्छा. दुसरी, आपण स्तुतीला पात्र असावं ही इच्छा, मग कोणी स्तुती करो वा न करो. दुसरी इच्छा मोठी, असं त्याचं म्हणणं. आता मुलाच्या बाजूने बघा. त्याने गणित सोडवलं, त्याला ते सुटल्याचा आनंद झाला. हा आनंद दुसऱ्या इच्छेच्या जवळचा. तेवढ्यात आपण मोबाइल काढला. आनंदाला पहिल्या इच्छेकडे वळवण्याचं काम आपणच केलं.

मैदान : खो कोणी दिला?

दुसरं वाक्य खो-खोचं. ज्यांनी हा खेळ फक्त लांबून पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. संघ बारा जणांचा, मैदानात नऊ, तीन राखीव. पाठलाग करणाऱ्या संघातले आठ जण मधल्या पट्टीवर बसतात, एकाचं तोंड इकडे तर शेजारच्याचं तिकडे. नववा धावतो. बसलेल्याला खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही. धावणाऱ्याला एकदा दिशा घेतली की अध्येमध्ये उलटं फिरता येत नाही. म्हणजे योग्य क्षणी खो देणं आणि मिळताक्षणी झेप घेणं, यातच सगळं आलं. गडी बाद होतो एकाच्या हाताने, पण त्याआधीचे चार खो चौघांनी दिलेले असतात.

आपल्या निरोपात यातलं काय येतं? पदक गळ्यात घातलेला एक फोटो. खो कोणी दिला ते येत नाही. समोरचा संघ कसा खेळला ते येत नाही. आणि हरल्याची बातमी तर कोणी देतच नाही. वास्तविक खेळ शिकणाऱ्या मुलाच्या वाट्याला विजयापेक्षा पराभव जास्त येतात. म्हणजे त्याच्या खेळाचा मोठा भाग आपल्या नोंदीतून गळून जातो.

अलॅस्डेअर मॅकइंटायर या तत्त्वज्ञाने १९८१ साली 'आफ्टर व्हर्च्यू' या ग्रंथात एक उदाहरण दिलं आहे. सात वर्षांच्या मुलाला बुद्धिबळ शिकवायचं आहे, पण त्याला गोडी नाही. मग त्याला खाऊचं आमिष दाखवतात, जिंकलास तर आणखी खाऊ. जोवर मूल खाऊसाठी खेळतं तोवर फसवून जिंकायला त्याच्याकडे कारण आहे. पण एक दिवस त्याला त्या खेळातली खास मजा कळते. त्यानंतर फसवलं तर तो स्वतःलाच फसवतो. खाऊ खेळाबाहेरचा लाभ झाला. ती मजा खेळाच्या आतला लाभ, खेळल्याशिवाय न मिळणारा.

अभिनंदनाचे ८० निरोप म्हणजे खाऊच. खाऊ द्यायला हरकत नाही, खाऊ आपणही खाल्ला आहे. पण मूल घरी आल्यावर आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? "जिंकलात का?" की "आज काय झालं सांग"? पहिल्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर मिळतं. दुसऱ्यात खेळाच्या आतलं काही हाती लागण्याची शक्यता असते.

वाढदिवस : कर्तृत्वाविना साजरा होणारा दिवस

तिसरं वाक्य वाढदिवसाचं. आमच्या मते हे इतर दोघांपेक्षा अगदी निराळं आहे.

औक्षण आठवा. मुलाला पाटावर बसवतात. तबकात निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी, अक्षता. 'औक्ष' म्हणजे आयुष्य. ओवाळणारी म्हणते, औक्षवंत हो. या विधीत कुठेही गुणपत्रिका मागत नाहीत. पहिला आलेल्याला जे निरांजन, तेच नापास झालेल्याला. तू आहेस, एवढंच कारण पुरेसं असतं.

इमॅन्युएल कांट १७८५ साली लिहिलेल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथात एक फरक सांगतो. काही गोष्टींना किंमत असते, म्हणजे त्यांच्या जागी तेवढ्याच मोलाचं दुसरं काही ठेवता येतं. काही गोष्टी किमतीच्या पलीकडच्या असतात, त्यांना तो प्रतिष्ठा म्हणतो. माणूस या दुसऱ्या वर्गात येतो. गुणांची तुलना होते, पदकाची होते. पाटावर बसलेल्या मुलाची होत नाही, त्याच्या जागी दुसरं अधिक हुशार मूल ठेवून कोणत्याही आईचं समाधान होणार नाही. वर्षातून एक दिवस आपण मुलाला हे निर्भेळपणे सांगतो.

आणि हल्ली त्याच दिवशी काय होतं? वाढदिवसाचा निरोप वार्षिक अहवालासारखा होतो. "आमचा हिरो बारा वर्षांचा! यंदा त्याने स्केटिंगमध्ये दोन पदकं, शिष्यवृत्ती परीक्षेत यश, एलिमेंटरीत ए श्रेणी..." जो एक दिवस कमाईशिवायचा होता, तिथेही आपण हजेरीपट आणला.

आमच्या घरातली पत्रं

इथवर आम्ही दुसऱ्यांचे दोष सांगत आलो असं वाटेल. तसं नाही. आता स्वतःचा सांगतो.

१९८० च्या दशकात आम्ही गावाकडे आमच्या वडिलांना दर पंधरवड्याला पत्र लिहीत असू. त्यांनी सगळी पत्रं ट्रंकेत जपून ठेवली होती. ते गेले, पुढे आई गेली. घर आवरताना ती ट्रंक उघडली तेव्हा आमची दोन्ही मुलं, म्हणजे आताची मोठी माणसं, बरोबर होती. दोघं जमिनीवर बसून ती पत्रं वाचत राहिली.

थोरल्याबद्दल जवळजवळ प्रत्येक पत्रात मजकूर होता. पहिला नंबर, वक्तृत्वाचं बक्षीस, गणितात अमुक गुण. धाकटीच्या नावापुढे बहुतेक ठिकाणी एकच शब्द, 'मजेत'. चि. धाकटी मजेत आहे.

त्या काळात धाकटी शाळेच्या खो-खो संघात राखीव खेळाडू होती. दोन वर्षं रोज पहाटे सरावाला जायची. सामन्यात उतरायची पाळी एकदाही आली नाही. निकाल नव्हता, म्हणून पत्रात लिहिण्यासारखं काही आहे असं आम्हांला वाटलंच नाही. ती पत्र हातात धरून म्हणाली, "बाबा, ती दोन वर्षं माझ्या शाळेतली सगळ्यात छान वर्षं होती. यात त्यांचा पत्ताच नाही." ती रागावली नव्हती. म्हणून ते अधिक लागलं.

मग आम्ही थोरल्याकडे वळलो. वाटलं, निदान याला तरी बरं वाटलं असेल. तो म्हणाला, "मला एवढे पहिले नंबर आठवतच नाहीत. पाचवीत दुसरा आलो, त्या दिवशी घरात कोणी बोलत नव्हतं, ते आठवतं."

वर्गात आम्ही वर्षानुवर्षं कांट शिकवत होतो. त्याच आठवड्यात घरी येऊन ही पत्रं लिहीत होतो. एका मुलाला आम्ही आकड्यांत बसवलं आणि दुसरीला एका शब्दात गुंडाळलं. एकाही पत्रात खोटं असं काही नव्हतं. पण ती नोंद अपुरी होती, आणि अपुरी आहे हे ज्यांना माहीत होतं त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

गोष्ट कोणाच्या मालकीची?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपण हे का करतो? ॲरिस्टॉटल नीतिशास्त्राच्या आठव्या भागात म्हणतो की आई-वडील मुलांवर प्रेम करतात ते ती आपलाच अंश आहेत म्हणून. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य आणि मैत्रेयी यांच्या संवादातही पुत्रप्रेमाचं मूळ आत्मप्रेमात शोधलेलं आहे. तिथला 'आत्मा' म्हणजे आपला अहंकार नव्हे, एवढं ध्यानात ठेवायचं. पण आपल्यासारख्या सामान्य माणसांची गल्लत तिथेच होते. मूल माझाच अंश, तर त्याचं यश माझं यश, आणि त्याची गोष्टही माझी.

जॉन लॉक याने १६८९ साली प्रसिद्ध झालेल्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथात या विचाराला उत्तर दिलं. मुलं ही आई-वडिलांची मालमत्ता नव्हेत. आई-वडिलांचा अधिकार त्यांच्या कर्तव्यातून येतो, म्हणजे मुलाला वाढवण्याच्या जबाबदारीतून. मुलाला स्वतःची समज आली की तो अधिकार सरत जातो. याला आम्ही विश्वस्तपण म्हणतो. विश्वस्ताची दोन कामं ठरलेली असतात, नीट सांभाळणं आणि वेळ आली की हवाली करणं.

कायदाही हळूहळू या दिशेने चालला आहे. संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्कांची संहिता स्वीकारली. भारताने ती ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्य केली. तिच्या १२व्या कलमात स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा मुलाचा हक्क आहे, १६व्या कलमात त्याच्या खासगीपणाचा. फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये मुलांच्या छायाचित्रांवरील हक्काबाबत कायदा केला. मुलाच्या या हक्काचं रक्षण आई-वडिलांनी मिळून करावं, आणि वय व समज पाहून त्यालाही निर्णयात घ्यावं, असा त्याचा रोख आहे.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आहे. १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर कंपनीला पालकाची संमती घ्यावी लागेल, असं तो सांगतो. पण एखाद्या व्यक्तीने घरगुती, वैयक्तिक कारणासाठी केलेला वापर त्याच्या कक्षेबाहेर आहे. त्यात चूक नाही, प्रत्येक स्वयंपाकघरात सरकार नको. पण याचा अर्थ असा होतो की बाहेरच्यांपासून मुलाला सांभाळणारा पालक आहे, आणि पालकाच्या हौसेपासून सांभाळणाराही पालकच. तिथे कायदा थांबतो आणि नीती सुरू होते.

दुसरी बाजू

आता कोणी म्हणेल, म्हणजे आम्ही आनंदच व्यक्त करायचा नाही? तसं आम्ही म्हणत नाही. तीन गोष्टी मोकळेपणाने मान्य करू.

एक. मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी, असा भेद आपणच केला. कित्येक घरांत मुलीच्या यशाची बातमी उंबऱ्याबाहेर जातच नसे. आज एखादा बाप लेकीच्या कुस्तीतल्या पदकाचा फोटो अभिमानाने सगळ्यांना पाठवतो, त्यात जुना हिशेब थोडा फेडला जातो.

दोन. मुलगा-सून डॅलसला किंवा दुबईला, आजी-आजोबा साताऱ्याला. नातवाचा पडलेला दात आणि त्याची पहिली मॅच या त्यांच्यासाठी केवळ बातम्या नाहीत, नात्याचा धागा आहे तो. तिथे भरभरून कळवावं.

तीन. जी आई मुलांमागे दिवसभर राबते, तिच्या कामाला पगार नाही, रजा नाही, कोणी शाबासकी देत नाही. मुलाचे ९६ टक्के ही तिला आपल्या कष्टाची एकमेव पावती वाटते. ती निरोप टाकते तेव्हा खरं तर सांगत असते, मीही काही केलं आहे. तिला हसण्यापूर्वी आपण तिचं काम कधी वाखाणलं होतं का, हे स्वतःला विचारावं. मोठ्यांची भूक मोठ्यांनी भागवली तर तिचं ओझं मुलाच्या गुणपत्रिकेवर पडत नाही.

मग करायचं काय?

उपदेश फार नको. चार साध्या गोष्टी सांगतो.

पाठवण्याआधी मुलाला विचारावं. "आजीला सांगू का? सगळ्यांना सांगू का?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सहा वर्षांच्या मुलालाही त्यातला फरक कळतो. नाही म्हणालं तर ते नाही मानावं.

आकड्याबरोबर, किंवा आकड्याऐवजी, आपण स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगावी. "शेवटच्या मिनिटाला त्याने मैत्रिणीला खो दिला आणि स्वतः बसला." असं वाक्य लिहायला मैदानावर हजर राहावं लागतं.

निकाल नसलेल्या गोष्टींनाही नोंदीत जागा द्यावी. दोन मुलं असतील तर दोघांच्या नावापुढे काय लिहितो, ते सलग वाचून पाहावं. आम्ही ते पाहिलं नाही.

आणि वाढदिवस वाढदिवसच राहू द्यावा. त्या दिवशी मुलाची जन्मतारीख, शाळेचं नाव, गणवेशातला फोटो हे सगळं एकत्र सार्वजनिक करू नये. ओळख पटवायला जन्मतारीख सगळीकडे लागते, आणि गणवेशावरून मूल दिवसभर कुठे असतं ते कोणालाही कळतं.

आमचं म्हणणं इथे संपवतो. प्रश्न असतील तर घेऊ.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : आमची मुलगी स्वतःच म्हणते, टाका ना माझा फोटो. मग तर हरकत नाही ना?*

आज हरकत नाही. पण तिची परवानगी आजच्या फोटोपुरती आहे. वर्षाने तिला तोच फोटो दाखवून पुन्हा विचारा, ठेवू की काढू? काढा म्हणाली तर कारण न विचारता काढा. शिवाय ती 'टाका' म्हणते तेव्हा तिला नक्की काय दाखवायचं आहे, तेही विचारून बघा. पुष्कळदा आपल्याला पदक दाखवायचं असतं आणि मुलांना त्या दिवशी केलेली गंमत.

*प्रश्न : आम्ही आजी-आजोबा आहोत. रोज कोणाच्या ना कोणाच्या नातवंडाची बातमी येते. आम्ही काय लिहावं?*

अभिनंदन लिहा, त्यात काही बिघडत नाही. पण जमलं तर त्या मुलालाच फोन करा आणि एक प्रश्न विचारा. "शेवटच्या डावात काय झालं रे?" मग त्याला बोलू द्या. आम्ही हल्ली असंच करतो. एक नातू वीस मिनिटं बोलला. शेवटी कळलं की त्याचा संघ हरला होता, आणि ते त्याच्या बोलण्यात अगदी शेवटी आलं.